पुण्यात स्पोर्ट्स कारला टायर घेताय? आधी आपलं हवामान बघा, ब्रँड नंतर

पहिली स्पोर्ट्स कार घेतली की, आणि ती बहुतेक वेळा सेकंड हँडच असते, वर्षभरात पहिला मोठा दणका बसतो तो टायरचा. मग माणूस रात्री मोबाइल घेऊन बसतो, दहा व्हिडिओ बघतो, आणि त्यातल्या निम्म्या व्हिडिओत अमेरिकेतला कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतो की अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन टायर घ्या, बारा महिने टेन्शन नाही. त्याचं काही चुकत नाही, पण त्याच्या बारा महिन्यांत बर्फ असतो आणि आपल्या बारा महिन्यांत एप्रिल-मेचं तापलेलं डांबर, जुलैतला ताम्हिणी घाट आणि वर्षभर खड्डे. त्यामुळे त्याची यादी जशीच्या तशी उचलून दुकानात गेलात तर एकतर तो टायर मिळणार नाही, किंवा मिळालाच तर तुम्ही नको त्या गोष्टीसाठी पैसे मोजाल.

हा लेख नवीन लोकांसाठी आहे, ज्यांना टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे म्हणजे काय हेही अजून नीट माहीत नाही. जाणकारांनी पुढे सरकावं, किंवा थांबून भांडावं, दोन्ही चालेल.

पायरी १: तुम्हाला ऑल-सीझन खरंच लागतो का ते आधी ठरवा

टायरच्या रबराला एक ठराविक तापमानाची सवय असते. समर टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि ग्रिप सोडतं. ऑल-सीझनचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं आणि त्याच्या ट्रेडवर (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फात पकड घेण्यासाठी. आता गंमत अशी की याच चिरांमुळे ट्रेडचे ठोकळे तापलेल्या रस्त्यावर जास्त हलतात, वळणात स्टिअरिंग थोडं ढिलं वाटतं, ब्रेकिंग लांबतं. हा सौदा आहे, थंडीतली पकड घ्यायची आणि बदल्यात उन्हाळ्यातला धारदारपणा थोडा सोडायचा.

पुण्यात हा सौदा कोणासाठी करायचा? आपल्याकडे आजवरचं सगळ्यात कमी तापमान १.७ अंश आहे, आणि ते १९३५ च्या जानेवारीतलं. डिसेंबर-जानेवारीत पाषाण, एनडीएकडे पहाटे ८-९ अंश होतं, ते सुद्धा थोडे दिवस, आणि नऊ वाजेपर्यंत स्वेटर काढायची वेळ येते. म्हणजे थंडीसाठी वेगळा टायर घ्यायची पुण्यात गरज नाही. उलट एप्रिल-मेमध्ये हवा ४० अंश असते तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो.

पाऊस मात्र आपल्याकडे खरा आहे. शहरात एकवेळ ठीक, पण स्पोर्ट्स कारवाला पावसाळ्यात घरात थोडाच बसणार आहे, तो मुळशीकडे निघणारच, आणि त्या बाजूला ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस झालाय. त्यामुळे पुण्यासाठी माझं सरळ मत असं की ऑल-सीझन शोधत बसू नका, ओल्या रस्त्यावर चांगला म्हणून नाव असलेला परफॉर्मन्स समर टायर घ्या. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट, पिरेली पी झीरो, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, योकोहामा अ‍ॅडव्हान स्पोर्ट ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. यातला कुठला मिळतो ते बऱ्याचदा तुमच्या साइजवर ठरतं, तुमच्या आवडीवर नाही.

समर नाव ऐकून लोक घाबरतात की पावसात चालेल का. चालतो, चांगला चालतो. ओल्या रस्त्यावर, तापमान ७ च्या वर असेल तर चांगला समर टायर बहुतेक ऑल-सीझनपेक्षा आधी थांबतो.

मग ऑल-सीझन कुणी घ्यावा? ज्याची गाडी रोजची आहे, रनिंग भरपूर आहे, ज्याला टायर जास्त टिकायला हवाय आणि शेवटच्या पाच टक्के ग्रिपचं काही पडलेलं नाही. किंवा जो खरंच हिवाळ्यात हिमाचलला स्वतःची गाडी घेऊन जाणारे. अशांनी साइडवॉलवर (टायरची बाजूची भिंत) तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह आहे का बघावं, कारण ते चिन्ह बर्फावर चाचणी पास झाल्यावरच मिळतं. नुसतं एम प्लस एस (मड प्लस स्नो) लिहिलेलं असेल तर त्याला फार अर्थ नाही, ते कंपनी ट्रेडच्या रचनेवरून स्वतःच लिहिते. कॉन्टिनेंटलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लसमध्ये तर ट्रेडवरच डी, डब्ल्यू, एस (ड्राय, वेट, स्नो) अशी अक्षरं कोरलेली असतात, एस झिजून गेला की बर्फाचं काम संपलं, डब्ल्यू गेला की पावसाचं संपलं. मस्त आयडिया आहे, आपल्याकडे सगळ्याच टायरवर डब्ल्यू तरी कोरायला पाहिजे.

पायरी २: गाडीला नक्की काय लागतं ते वाचा

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं, त्यावर साइज आणि हवा दोन्ही लिहिलेलं असतं. आत्ता गाडीला बसलेल्या टायरवरून साइज घेऊ नका, आधीच्या मालकाने काय चढवलंय कुणाला माहीत.

समजा लिहिलंय २४५/४० आर १८ ९७वाय एक्सएल. यातलं २४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिम किती इंची. ९७ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ७३० किलो पेलतो. वाय हा स्पीड इंडेक्स, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत चालणारा, डब्ल्यू २७०, व्ही २४०, एच २१०. एक्सएल म्हणजे जास्त हवा भरून जास्त वजन घेणारा मजबूत टायर.

इथे दुकानदार हमखास एक वाक्य टाकतो, "साहेब, आपल्याकडे ३०० ने कुठे चालवणार, व्ही घ्या, स्वस्त पडेल". ऐकायला बरोबर वाटतं. पण तो इंडेक्स नुसता वेगाचा नसतो, टायर उष्णता किती सहन करतो आणि आतली बांधणी किती ताठ आहे त्याचाही असतो, आणि गाडीचं सस्पेन्शन त्या ताठपणावर जुळवलेलं असतं. लोड इंडेक्स आणि स्पीड इंडेक्स दोन्ही गाडीच्या कंपनीने दिलेत तेवढे किंवा वरचे घ्यायचे, खालचे नाही, विषय संपला.

अजून एक, बऱ्याच रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांना पुढे-मागे वेगळी साइज असते. बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय ला पुढे २५५/३५ आर १९ आणि मागे २७५/३५ आर १९. म्हणजे पुढचे टायर मागे टाकून झीज सारखी करायची सोय नाही, मागचे लवकर जाणार हे धरूनच चाला आणि बजेट तसंच करा.

पायरी ३: तुमचं रनिंग खरं खरं लिहून काढा

कोथरूडहून हिंजवडीला रोज ट्रॅफिकमधून गाडी नेणारा आणि रविवारी पहाटे साडेपाचला लवासाकडे निघून नाश्त्याला घरी परत येणारा, या दोघांना एकच टायर लागत नाही. रोजवाल्याला आवाज, आराम, टिकाऊपणा महत्त्वाचा. रविवारवाल्याचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो, त्याने टिकाऊपणासाठी जास्त पैसे देण्यात काही अर्थच नाही, त्याने ग्रिप घ्यावी. आणि दर वीकेंडला एक्सप्रेसवेने मुंबई करणाऱ्याला सिमेंट काँक्रीटवरचा आवाज आणि सलग तापत राहणारा टायर हा वेगळाच मुद्दा आहे.

टिकाऊपणाचा अंदाज घ्यायला साइडवॉलवर ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो. २००-३०० म्हणजे मऊ रबर, भारी ग्रिप, लवकर झिजणार. ५०० च्या वर म्हणजे टिकाऊ, ऑल-सीझन बहुतेक याच पट्ट्यात असतात. पण हा आकडा कंपन्या स्वतःच चाचणी करून देतात, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० सारखा धरू नका, एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला वापरा. शेजारी ट्रॅक्शनची श्रेणी असते, डबल ए सगळ्यात वर, पण ती नुसती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून मोजलेली असते, वळणातलं काही सांगत नाही. तापमानाची श्रेणी ए, बी, सी अशी असते, आपल्याला ए च पाहिजे.

पायरी ४: पावसाचा विचार सगळ्यात जास्त करा

स्पोर्ट्स कारचे टायर रुंद असतात. कोरड्यात तो फायदा, पण साचलेल्या पाण्यावर तोच तोटा, कारण गाडीचं वजन जास्त जागेत पसरतं आणि टायर पाणी कापायच्या ऐवजी त्याच्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, गाडी तरंगते. एक्सप्रेसवेवर पावसात उजव्या लेनला पाण्याचा पट्टा साचतो तिथे याची चव बऱ्याच जणांनी घेतलेली असते.

म्हणून टायर बघताना मधल्या उभ्या खोबणी किती रुंद आणि खोल आहेत ते बघा. बाहेरचे खांदे (ट्रेडच्या कडा) जाड आणि सलग असले तर वळणात मजा, पण पाणी बाहेर फेकायचं काम मधल्या खोबणींचं. नवीन टायरला ७-८ मिलिमीटर खोली असते. कायद्याने १.६ पर्यंत चालतं, त्यासाठी खोबणीत बारीक उंचवटे दिलेले असतात, ते ट्रेडच्या बरोबरीला आले की संपलं. पण स्पोर्ट्स कारला पावसाळ्यात १.६ वर चालवणं म्हणजे वेडेपणा आहे. माझ्या मते मे महिन्यात ट्रेडची खोली गेजने मोजायची आणि ३ च्या खाली असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी बदलायचे. गेज काही महाग नसतं.

युरोपातला लेबल असलेला टायर असेल तर त्यावर ढग आणि पावसाचं चित्र असलेली वेट ग्रिपची श्रेणी असते, ए पासून ई पर्यंत. एकेका श्रेणीत ताशी ८० वरून थांबायला ३ ते ६ मीटरचा फरक पडतो. ६ मीटर म्हणजे मोठ्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. नवले पुलाच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला की हे ६ मीटर कुठून आणणार? लेबल दुकानात लावलेलं नसतं, पण कंपनीच्या साइटवर साइज टाकून बघता येतं, आणि एकाच मॉडेलला वेगवेगळ्या साइजमध्ये वेगळी श्रेणी असू शकते, त्यामुळे स्वतःचीच साइज टाका.

आणि हो, जूनचा पहिला पाऊस. वर्षभराचं ऑइल, धूळ, डंपरने सांडलेली माती, सगळं वर येतं. त्या दोन-चार दिवसांत जगातला कुठलाही टायर तुम्हाला वाचवणार नाही, गाडी घरी ठेवा नाहीतर हळू चालवा.

पायरी ५: खड्डे आणि साइडवॉल

३५ किंवा ३० प्रोफाइलचा (साइजमधला दुसरा आकडा) टायर दिसतो भारी, पण खड्ड्यात गेला की रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये साइडवॉल चिमटली जाते, आतले धागे तुटतात, आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कुणी "आतून पॅच मारतो, काही होत नाही" म्हणाला तर त्याला नमस्कार करून निघा, तो टायर एक्सप्रेसवेवर फुटेल तेव्हा पॅच मारणारा बरोबर नसणार.

काही लोक रिम एक इंच कमी करतात आणि मला स्वतःला पुण्यासाठी ही कल्पना पटते. हिशोब बघा, २५५/३५ आर १९ चा पूर्ण व्यास येतो ६६१ मिलिमीटर. २५५/४० आर १८ घेतला तर तोही ६६१ च. स्पीडोमीटर बिघडत नाही, पण साइडवॉल ८९ ची १०२ होते, म्हणजे १३ मिलिमीटर जास्त गादी मिळाली. फक्त दोन गोष्टी, मोठे ब्रेक कॅलिपर (चाकाच्या आत ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) असतील तर लहान रिम आत बसतेच असं नाही, आणि जी साइज कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी दिलेली आहे तिच्याबाहेर जाऊ नका, नाहीतर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले तेच कारण पकडून बसतील.

रन-फ्लॅटचं काय? पंक्चर झाल्यावर साधारण ताशी ८० ने ८० किलोमीटर जाता येतं, स्टेपनी नसलेल्या गाडीत हा मोठा आधार आहे. पण साइडवॉल ताठ असल्याने राइड कडक, किंमत जास्त. बरेच जण साध्या टायरवर येतात आणि डिकीत पंप आणि किट ठेवतात. फॅमिलीला घेऊन रात्री-बेरात्री फिरणार असाल तर रन-फ्लॅट ठेवा, घाटात रात्री अकराला मोबाइलला रेंज नसते. फक्त काढायचे तर चारही काढा, अर्धे रन-फ्लॅट अर्धे साधे असं करू नका.

पायरी ६: दुकानात काय बघायचं

नाना पेठेत विचारा, बाणेर-वाकडकडच्या मोठ्या शोरूममध्ये विचारा, ऑनलाइन भाव काढा. साइजप्रमाणे एका टायरला वीस-पंचवीस हजारांपासून पुढे कितीही जाऊ शकतं, त्यामुळे तीन ठिकाणी विचारण्यात लाज नाही आणि पुणेकराला घासाघीस शिकवायची गरज नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलावर तेवढाच लागलाय ना बघा. आणि पक्कं बिलच घ्या, टायरच्या सिरियल नंबरसकट, वॉरंटीला तेच लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, बनवल्याची तारीख. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनला. कधीकधी हे आकडे एकाच बाजूला असतात आणि नेमके आतल्या बाजूला जातात, म्हणून चढवायच्या आधी बघायचं. स्पोर्ट्स कारच्या साइज आपल्याकडे खपतात कमी, त्यामुळे गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल गळ्यात मारला जातो. वर्षभर जुना पण नीट ठेवलेला असेल तर हरकत नाही, दोन वर्षांच्या वर असेल तर भाव पाडा किंवा नको म्हणा. चारही टायरची तारीख बघा, एकाची बघून खूश होऊ नका.

दुसरं, आयएसआय चिन्ह. भारतात विकायच्या कारच्या टायरवर ते सक्तीचं आहे, शेजारी आयएस १५६३३ असं लिहिलेलं सापडेल. कुणीतरी "बाहेरून आणून देतो, निम्म्या भावात" म्हणतो त्या मालावर बहुतेक वेळा हे नसतं, आणि वॉरंटीचं तर नावच काढू नका. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले तेव्हापासून काही विचित्र साइज मिळायला वेळ लागतो हेही खरं आहे, म्हणून टायर संपायच्या दोन महिने आधीपासून शोध सुरू करा, गुळगुळीत झाल्यावर नाही.

तिसरं, गाडीच्या कंपनीचे शिक्के. पोर्शेसाठी एन० एन१ असं काहीतरी, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. नाव एकच असलं तरी आतलं रबर आणि बांधणी त्या गाडीसाठी बदललेली असते. शिक्का असलेला मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर आकाश कोसळत नाही, पण एकाच एक्सलवर (पुढची किंवा मागची जोडी) एक शिक्क्याचा आणि एक बिनशिक्क्याचा असं करू नका.

सेकंड हँड परफॉर्मन्स टायर? नाही. कुठल्या खड्ड्यात आपटलाय ते बाहेरून दिसत नाही.

पायरी ७: दोन की चार

चारही एकदम हे आदर्श. खिसा परवानगी देत नसेल तर एका एक्सलची जोडी, पण एक कधीच नाही. दोनच घेतले आणि चारही साइज सारखी असेल तर नवीन मागे लावायचे, गाडी पुढून ओढणारी असली तरी. लोकांना हे उलटं वाटतं. पण पावसात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बरीचशी सावरते, मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि नवीन ड्रायव्हरला ती सावरता येत नाही.

ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या टायरच्या खोलीत २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नका, व्यास वेगळा पडला की पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचवर सतत ताण येतो आणि ते बिल टायरपेक्षा मोठं असतं.

पायरी ८: टायर चढवताना तिथेच उभे राहा

चहाला जाऊ नका. जॅक कुठे लावतोय ते बघा, खाली बुटक्या गाडीला ठराविक जागीच जॅक लागतो, नाहीतर साइड स्कर्ट गेलाच. लो प्रोफाइल टायरसाठी मदतीचा हात असलेलं मशीन आहे का विचारा, साध्या मशीनवर पहार लावून चढवला की रिमला ओरखडे पडतात. आत हवेचा सेन्सर असेल तर आधीच सांगा, वॉल्व्हवर घाव बसला की तो तुटतो.

टायरवर आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, बाण असेल तर बाणाच्या दिशेने फिरला पाहिजे. सोपं आहे, पण चुकीचे चढवलेले टायर घेऊन फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापुरताच आवळणारा पाना) आवळायला लावा. पोरं गनने घुर्रर्र करून मोकळी होतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना १४० न्यूटन मीटर, पोर्शेच्या अलीकडच्या पाच बोल्टवाल्या ९११ आणि ७१८ ला १६०, आपल्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघून जा. ५०-१०० किलोमीटर झाले की परत एकदा चेक. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा आणि अलाइनमेंटचा प्रिंट मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा दोन्ही.

नवीन टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढायला वापरलेला बुळबुळीत थर असतो, त्यामुळे पहिले ३०० किलोमीटर तरी सबुरीने घ्या. दुकानातून निघून थेट कात्रज घाटात टायर टेस्ट करायला जाऊ नका.

पायरी ९: हवा

याच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा, इतके गैरसमज आहेत. पंपावर दादा म्हणतो, "साहेब, उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी भरतो, नाहीतर फुटेल". नाही. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आत उष्णता साठते आणि मेच्या दुपारी एक्सप्रेसवेवर तासभर सलग चालवल्यावर साइडवॉल फुटते. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, गरम झाल्यावर ४-५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावरचा पॉइंट तो हाच) वाढणार हे कंपनीने धरलेलंच आहे. गरम टायरमधून हवा काढायची नाही.

दुसरा गैरसमज पावसातला, हवा कमी केली की ग्रिप वाढते म्हणे. चिखलातल्या जीपला ते खरं असेल. नासाने विमानांच्या टायरवरून काढलेलं एक जुनं सूत्र आहे, त्यात टायर पाण्यावर तरंगायचा वेग थेट हवेच्या दाबावर ठरतो. त्या हिशोबाने ३६ पीएसआयला तो वेग ताशी १०० च्या आसपास येतो आणि २८ ला ८८. कारच्या टायरला आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा तीच, हवा कमी म्हणजे लवकर तरंगणार.

तापमान दर ५-६ अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो. म्हणजे मेमध्ये दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे पाच-सहा पॉइंट कमी दिसणार. महिन्यातून दोनदा, सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या हवेच्या गेजने बघायची. नायट्रोजन भरा हवं तर, नुकसान नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि त्याच्या जोरावर हवा चेक करायची सुट्टी मिळत नाही.

नंतरची काळजी, थोडक्यात

स्पोर्ट्स कारची चाकं वरून आत झुकलेली असतात, त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून बघाल तर ट्रेड मस्त, आत धागे दिसायला आलेले. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचे आतून बघा, मागच्यांना हात घालून चाचपा, हे दर दोन महिन्यांनी. खासकरून सेकंड हँड गाडी घेताना, आणि तेव्हा तारीखही बघा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्या असतात, १२ हजार किलोमीटर रनिंग आणि टायर सात वर्षांचे. ट्रेड भरपूर दिसतो पण रबर कडक झालेलं असतं आणि पावसात ते टायर साबणासारखे वागतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायचे, सहाव्या-सातव्या वर्षी मी तरी ठेवणार नाही, मग ट्रेड कितीही असो.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर हवा ३-४ पॉइंट जास्त भरा आणि आठवड्यातून एकदा थोडी पुढे-मागे करा, नाहीतर टायर खालून चपटा होतो आणि नंतर गाडी थरथरते.

पंक्चर मधल्या ट्रेडमध्ये असेल तर आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी पॅच) लावून घ्या, बाहेरून खुपसायची दोरी फक्त घरी पोचण्यापुरती. खांद्यावर किंवा साइडवॉलला खिळा गेला तर टायर बदलायचा.

आणि इन्शुरन्स रिन्यू करताना टायर प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन विचारा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत खड्ड्यात नुसता टायर गेला तर काही मिळत नाही, गाडीला पण मार लागला असेल तरच टायरचे निम्मे पैसे मिळतात. अ‍ॅड-ऑन घेताना फुगा आणि कट दोन्ही कव्हर आहेत का, आणि ट्रेड किती मिलिमीटर शिल्लक असेपर्यंत क्लेम चालतो, हे एजंटकडून लेखी घ्या, फोनवर सगळेच हो म्हणतात.